गॅलरीत नेलेले दात

४ फेब्रुवारी

हो म्हणाल्या! मॅडम हो म्हणाल्या! घाईघाईत लिहितेय, अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय.

नीट लिहिते. सकाळी मावशी मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि सांगून आली – मे संपला की येणार नाही. डोकं दुखतं, डोळे थकतात, खांदे भरून येतात. झालं! मावशी म्हणजे आमच्या डेंटल लॅबचा डोळा. दाताचा रंग जुळवावा तर तिनेच. मला हे काम शिकवलं तेही तिनेच, कान पिळून पिळून. (नात्याने कोणी नाही ती माझी, पण सख्खीला लाजवेल.) मॅडमनी कपाळाला हात लावला. "ती गेली तर चिनी मातीच्या कॅप बनवणं बंदच करते मी. देऊन टाकते सगळं मोठ्या लॅबला." म्हणजे मी घरी आणि आमचा पॉलिशवाला लांब्याही घरी!

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, मॅडम, मावशीचं काही बिघडलेलं नाही, या खोलीचं बिघडलंय! ट्यूबलाइट दिवसभर माशीसारखी भुणभुणते. स्टुलांना पाठ नाही. लांब्या टेबलाशी वाकून बसतो तो शाळेत शिक्षा झाल्यासारखा. दात घासताना उडणारी भुकटी आम्ही डब्याबरोबर खातो. खोली सुधारा, माणसं टिकतील, कामही सुधारेल!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाल्या, "दात भाजायच्या नव्या भट्टीसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत, ते घे. भट्टी पुढच्या वर्षी बघू. तूच कर सगळं. पण परत येणारे दात कमी झाले पाहिजेत आणि मावशी थांबली पाहिजे. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

मी! जिला घरातलं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवता येत नाही, ती मी!

५ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आधी तुझी स्वतःची खोली आवर." गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ही बाई असह्य झालीय. घरातला एकेक डाग दिसतो तिला. ओट्यावरचा, बाहीवरचा, माझ्या चारित्र्यावरचा सुद्धा.

७ फेब्रुवारी

आज सगळ्यांना एकेक करून विचारलं, काय हवं?

लांब्या (पॉलिश करतो, उभा राहिला की पंख्याला भितो) – "माझे गुडघे टेबलाखाली गेले पाहिजेत. बस्स. आयुष्यात दुसरं काही मागणं नाही."

गुणगुण्या (प्लास्टरचे साचे ओततो, सतत गुणगुणतो) – उघडणारी खिडकी, आणि भुकटी ओढून घेणारं यंत्र. "गाताना तोंडात जाते."

मावशी – "मला काही नको गं. मी निघालेच आहे." मी हटले नाही, तेव्हा म्हणाली, "तो दिवा तेवढा बघ. डोळ्यांत सुया टोचल्यासारखं होतं."

एवढंच! मावशीला मी असा दिवा आणून देईन, असा दिवा आणून देईन की ती मे महिनाच विसरेल.

८ फेब्रुवारी

आमच्या लॅबची एक गंमत लिहून ठेवते, सगळं बदलायच्या आधी. डॉक्टर दाताच्या रंगाचा नंबर पाठवतात. आमच्याकडे पट्टीवर नमुन्याचे दात आहेत ओळीने, प्रत्येकाला नंबर. भट्टीतून निघालेला दात त्या नंबरशी जुळला पाहिजे. पण त्या टुकार ट्यूबलाइटवर कुणाचाच विश्वास नाही! म्हणून जो तो दात चिमट्यात धरून गॅलरीत पळतो, आभाळाकडे धरून बघतो. खालून जाणारे लोक मान वर करून बघतात – वर तीन माणसं आभाळाला दात दाखवतायत!

एक मावशी तेवढी जागची हलत नाही. मला पाठवते. "जा, बघून ये. सांग बरं, कोणता?" परीक्षाच घेते माझी, इतकी वर्षं झाली तरी. मी येऊन ऐटीत सांगते, दोन नंबर. ती म्हणते, "हं."

वर्षभरात एकदाही चुकले नाही! एकदाही! मावशीचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या दहा शाबासक्या.

१३ फेब्रुवारी

खुर्च्यांच्या दुकानात गेलो, लॅब बंद करून, अख्खी वरात. दुकानदार म्हणाला, "बसून बघा." घोडचूक केली त्याने. गुणगुण्या एका खुर्चीत झोपून गेला. खरंच! तोंड उघडं टाकून! लांब्याने एक खुर्ची खालीवर, खालीवर, खालीवर केली, शेवटी दुकानदाराने हात जोडले. मावशी आधी काठावर बसली, पाहुणी आल्यासारखी. मग हळूच मागे टेकली. डोळे मिटले. म्हणाली, "अगं, हिला पाठ आहे."

मला रडूच आलं. मी उगाच एका टेबलाची किंमत विचारायला गेले.

१७ फेब्रुवारी

सुताराने लांब्याचं टेबल उंच केलं. गुडघे आत! लांब्या दिवसभर गुडघे आत-बाहेर करत होता. काम शून्य.

२१ फेब्रुवारी

रंग! भिंतीचा रंग कोणी निवडायचा यावर चहाच्या वेळी खडाजंगी. मी म्हटलं, भांडता कशाला? जिने जन्मभर पांढऱ्यातले पांढरे वेगळे केले ती बाई इथे बसली असताना? रंगाऱ्याने कार्डं पसरली. मावशी नको नको म्हणत होती. मी हट्टच धरला. तिने बराच वेळ घेतला, मग एक उचललं. "हा घ्या. स्वच्छ पांढरा."

रंगारी माझ्याकडे बघायला लागला. मला तो चांगला लोण्यासारखा पिवळट दिसत होता. "ताई, नक्की ना?" मी त्याला असं झापलं! म्हटलं, तुम्हाला दातातलं काय कळतं? ही आमची मावशी आहे. ती पांढरा म्हणाली तर तो पांढरा.

तरी मनात म्हटलं, मोठ्या कलाकारांचं काही सांगता येत नाही.

२ मार्च

दिवेवाला आला. त्याने म्हणे कुठल्याशा मोठ्या ऑफिसात दिवे लावलेत, तिथले लोक संध्याकाळी घरीच जायला मागत नाहीत. मी म्हटलं, मला तसलेच हवेत! मऊ, पिवळसर, डोळ्यांना न टोचणारे. त्याने लावले आणि बटण दाबलं...

आई गं! आमची खोली! तीच खोली! सगळे चेहरे एकदम सुंदर दिसायला लागले. लांब्या सुद्धा! गुणगुण्या मोठ्याने गायला लागला, पहिल्यांदाच शब्दांसकट. मावशी खुर्चीत टेकून वर बघत म्हणाली, "आता टोचत नाही." मी तिला मिठी मारली. मॅडम दारात उभ्या होत्या, हसू दाबत. दाबलं गेलं नाही.

मी आज बसस्टॉपपासून घरापर्यंत उड्या मारत आले. वय वर्षं एकतीस.

६ मार्च

भुकटी ओढणारं यंत्र बसलं. गुणगुण्या म्हणतो, आवाज खुलला. त्याचा खुलला, आमचं काय?

९ मार्च

काम कसलं पळतंय! दुपारीच ट्रे भरतात. कोणाचं डोकं दुखत नाही. उठून पळापळ नाही, सगळे आपापल्या खुर्चीत मांडी ठोकून. आज मॅडमनी केबिनमधली स्वतःची जुनी खुर्ची बघितली, आमच्या खुर्च्या बघितल्या, आणि म्हणाल्या, "एक माझ्यासाठी पण सांग."

मावशीला विचारलं, मे महिन्याचं काय? म्हणाली, "बघू." बघू!! नाही नाही म्हणणारी बाई बघू म्हणाली!

१६ मार्च

मेले.

१७ मार्च

काल लिहवलं नाही. खडूस डॉक्टरांचा (आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक) फोन आला, मग दातांचा अख्खा डबाच परत आला. मग दुसऱ्या डॉक्टरांचा. मग तिसऱ्या. रंग चुकलेत. एक नाही, दोन नाही – ढिगाने! खडूस डॉक्टर फोनवर ओरडले ते बाहेरपर्यंत ऐकू आलं – "पेशंट आरशात बघून हसला आणि लगेच हसायचा थांबला! लग्न ठरलंय त्याचं!"

आम्ही चौघे टेबलाभोवती. दात पट्टीशी लावून बघितले. जुळतात! तंतोतंत जुळतात! लांब्या म्हणाला, "डॉक्टरलाच चष्मा लागलाय." मी एक दात घेऊन रागारागाने गॅलरीत गेले.

आणि कपाळावर हात मारला. बाहेरच्या उजेडात दात एकीकडे आणि नंबर एकीकडे.

शेवटचं गॅलरीत कोण आलं होतं? कोणीच नाही! दिवे लागल्यापासून एकही माणूस उठलेलं नाही. जुनी ट्यूबलाइट इतकी वाईट होती की तिच्यावर कोणी विश्वासच ठेवत नव्हतं, सगळे बाहेर पळायचे. नवे दिवे इतके छान, खुर्च्या इतक्या मऊ, की जो तो बसल्या जागी म्हणाला – जुळला! त्या लोणकढ्या उजेडात आणि त्या पिवळ्या भिंतीत सगळेच दात गोरेगोमटे. मी माणसांना सुख दिलं आणि दातांचा घात केला!

मॅडम ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "भट्टी घेतली असती तर बरं झालं असतं." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर!

सगळ्यांचेच दात चुकले होते. माझे, लांब्याने पॉलिश केलेले, मावशीचे. मावशीच एकटी शांत. मला म्हणाली, "होतं गं. सगळ्यांचंच होतं." आवाजात काहीतरी वेगळं होतं. खूश असल्यासारखं? छे, माझं डोकं ठिकाणावर नाही.

१८ मार्च

आईने समजूत काढली. "अगं, खुर्च्यांनी काय पाप केलंय? दिवे बदल." बरोबर आहे की!

२० मार्च

दिवेवाल्याला बोलावलं. तोंड पाडून आला, मी चहा दिला. पिवळे दिवे चहाच्या कोपऱ्यात आणि डबा खायच्या जागी. कामाच्या टेबलांवर दिवसाच्या उजेडासारखे, पण वर जाळी लावून, डोळ्यांत न घुसणारे. आणि – हे माझं डोकं हं! – गॅलरीला काच लावून घेतली, आत एक उंच फळी, फळीवर नमुन्याची पट्टी, आणि बसायला काही म्हणता काही नाही. उभ्यानेच बघायचं! प्रत्येकाने आपला दात आपण न्यायचा, आपण जुळवायचा, मगच पाठवायच्या डब्यात. दुसऱ्याला पाठवायचं नाही, खुर्चीतून जुळवायचं नाही.

लांब्या म्हणाला, "म्हणजे एवढा खर्च करून आपण परत गॅलरीतच?" म्हटलं, हो! पण आता पाय मोकळे करायला, शिक्षा म्हणून नाही!

२९ मार्च

खडूस डॉक्टरांचा फोन. मी कान बंद करून घेतले. मॅडम बाहेर आल्या – "काही नाही. म्हणाले, ठीक आहेत." ठीक आहेत!! त्या माणसाच्या तोंडून! आम्ही चौघांनी चहाच्या कोपऱ्यात पिवळ्या दिव्याखाली टाळ्या वाजवल्या.

(लग्नवाल्या पेशंटचा दात मी स्वतः करून दिला. तीनदा गॅलरीत नेला. ऐकते की लग्नात दात काढून काढून हसला.)

११ एप्रिल

परत येणारे दात – जवळजवळ नाहीतच! लांब्या आणि मी हवेत. मॅडमची नवी खुर्चीही आली, त्या दर थोड्या वेळाने गोल फिरतात, काचेतून दिसतं आम्हाला. खोली हसती झालीय. मध्येच उठायचं, गॅलरीत उजेड बघायचा, खालच्या रस्त्यावर जरा डोकावायचं, परत यायचं. मान आखडत नाही की पाठ धरत नाही.

एकच खटकतंय. जे थोडे परत येतात ते सगळे मावशीचे आहेत.

१४ एप्रिल

नाही. माझा हिशेब चुकत असेल. मावशीचे कसे असतील?

१५ एप्रिल

मावशीचेच आहेत.

मॅडमनी विचारलं, मी थाप मारली – लेबलं उलटसुलट झाली म्हणून. मावशी अलीकडे बोलत नाही. "सांग बरं, कोणता?" हे पण बंद झालंय. माझाच नियम ना, आपला दात आपण न्यायचा. ती जाते गॅलरीत, चिमटा धरून बराच वेळ उभी राहते, येते. आज विचारलं, मे महिन्याचं काय? "ठरलंय ते ठरलंय." खुर्चीला पाठ आहे, दिवा टोचत नाही, खांदे बरे आहेत. मग आता का? आता का गं, मावशी?

सगळं केलं. सगळं सगळं केलं आणि ती चाललीच.

१९ एप्रिल

आज काय झालं ते लिहिताना मी हसतेय आणि रडतेय, पान ओलं होतंय.

आई लॅब बघायला आली. माझी फुशारकी ऐकून ऐकून तिला उत्सुकता. दारातून आत आली, खुर्च्यांना हात लावला, दिव्यांना मान डोलावली, आणि भिंतीकडे बघून नाक मुरडलं. "हे काय गं? सगळं छान आणि भिंत अशी पिवळीढोण? ऑपरेशनच्या आधी मला माझं अख्खं घर असं दिसायचं. वाटायचं, पांढरंच आहे."

मी भिंतीकडे बघितलं, मग मावशीकडे. मावशी चिमटा साफ करत होती, तिचा हात थांबला.

तिला गॅलरीत नेलं. दार लावून घेतलं. म्हटलं, "मावशी, आपली भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी," ती म्हणाली. मग माझं तोंड बघितलं. "नाही का?"

खाली बसलीच ती, फरशीवर. "खांद्यांचं काय घेऊन बसलीस, खांदे सगळ्यांचेच दुखतात. रंग गेला गं माझा. दोन आणि तीन एकसारखे दिसतात. पट्टीवरचे शेवटचे चार तर एकच. म्हणून तर तुला गॅलरीत पाठवायचे, तू सांगशील तो नंबर धरायचे. ते पिवळे दिवे लावलेस ना, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. सगळेच चुकत होते. मी एकटी नव्हते." मग म्हणाली, "डोळा गेल्यावर काय उरलं माझ्याकडे? म्हणून कोणाला कळायच्या आत निघाले होते."

आणि मी – मला हसूच फुटलं! तिचा चेहरा असा झाला! मी म्हटलं, "अगं वेडे, गेला नाहीये! मोतीबिंदू आहे तो! माझ्या आईला विचार!" आई दाराला कान लावूनच होती, ती धाडकन आत. "कुठल्या डॉक्टरकडे गेलीस?" "कुठल्याच नाही." "का?" "त्यांनी नाही म्हटलं असतं तर?" आईने तिला असं काही धारेवर धरलं की खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली.

मॅडमना मावशीने स्वतःच सांगितलं. मॅडम खुर्चीत अर्धा गोल फिरल्या, परत फिरल्या, आणि म्हणाल्या, "रजा घे. खुर्ची तुझीच आहे. कोणी बसलं तर मी बघते."

२२ एप्रिल

मोतीबिंदूच! दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले म्हणे, "इतके दिवस काम कसं करत होता?" मावशी म्हणाली, "सवयीने." आई तिच्याबरोबर गेली होती. दोघींची अशी गट्टी जमलीय की मला घरात कोणी विचारत नाही.

३ मे

एका डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. भेटायला गेले तर मावशी खाटेवर बसून एकदा हा डोळा झाकते, एकदा तो. "या डोळ्याने सगळंच पिवळं – उशी, भिंत, तू. आणि या डोळ्याने, अगं, चादर निळसर पांढरी आहे! आणि तुझ्या कानाशी एक पांढरा केस आहे."

हा तर आईच्याही नजरेतून सुटला होता. घरी येऊन आरशात बघितलं. आहे.

१३ मे

लांब्या, गुणगुण्या आणि मी मिळून भिंत रंगवली. खरी पांढरी. लांब्याला शिडी लागली नाही.

१८ मे

मावशी आली! दारात उभी राहून सगळी खोली एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. खुर्चीत बसली, मागे टेकली. मग माझ्या ट्रेमधला कालचा दात चिमट्यात उचलला आणि चक्क स्वतः उठून गॅलरीत गेली. परत आली. म्हणाली, "सांग बरं, कोणता?"

"दोन नंबर," मी म्हटलं. ऐटीत, नेहमीसारखी.

"चूक."

लांब्याचं यंत्र बंद पडलं. गुणगुण्या गुणगुणायचा थांबला. मी दात घेऊन गॅलरीत धावले, डोळे फाडफाडून बघितलं. किंचित, अगदी किंचित तीनकडे झुकलाय. कुठल्याच डॉक्टरला कळला नसता. मला तर नाहीच. वर्षभर असेच चुकले असणार, आणि मावशीला 'हं'शिवाय काही म्हणता येत नव्हतं.

आत आले. मावशी हसत होती. "उद्या लवकर ये," म्हणाली, "पहिल्यापासून शिकवते."